दारातल्या चपला

सांगली, रविवार संध्याकाळ

माझ्या इराला कॅनडात पहिलीलाच घालायचं की चौथीनंतर न्यायचं? आज उंब्रजला आबांना विचारलं. म्हणाले, "आत्ताच ने. ल्हान हाय तवर लवकर इसरंल." काय विसरेल, ते विचारायचा धीर झाला नाही.

सैन्यातली सुट्टी संपली की आबा मी झोपेत असतानाच निघायचे. चपला मुद्दाम दारात ठेवून जायचे. मला वाटायचं, अनवाणीच रानात गेलेत, येतील. किती दिवस वाट पाहायचे मी?

निघताना झोपलेल्या इराला गाडीत निजवलं आणि तिच्या चपला घ्यायला वळले.

"ऱ्हाऊ दे गं," आबा म्हणाले. "दारात असू देत."

पहिलीलाच न्यायचं, हे जवळजवळ ठरलंय. परत येईल तेव्हा त्या चपला तिच्या पायात जायच्या नाहीत. हे आबांना कळलं नसेल?