आधी पूजा, मग सुई

अव्वा, मला डॉक्टरांनी सुई सांगितली आहे. गोळ्यांनी आता भागत नाही म्हणाल्या. इन्सुलिनचं पेन आणून बरेच दिवस झाले, फ्रिजच्या दारात लिंबांच्या शेजारी पडून आहे. पाण्याची बाटली काढायला गेलं की दिसतं, मग मी दार लावून टाकते. पुण्याहून तुझी नात फोन करते, "मम्मी, सुई घेतलीस ना?" मी म्हणते, "हाव, घेतली." तू गेलीस तेव्हा तिचा जन्म व्हायचा होता, तिला तुझ्या सुईचं काही ठाऊक नाही. आणि माझी नोकरी काय आहे ते ऐकलंस तर तू पदर तोंडाला लावून हसशील. शुगरच्या माणसांना वर्षानुवर्षं औषध का निभत नाही, कुठे सुटतं, का सुटतं, यावर इथे लातुरातले डॉक्टर संशोधन करतात, आणि त्यांच्यासाठी गावोगाव फिरून लोकांना विचारायचं काम माझ्याकडे आहे. औसा, मुरुड, तुझं निलंगा. एसटीनं जायचं, ओसरीवर बसायचं, बोटाला टोचून थेंब घ्यायचा आणि विचारायचं. वर हेही सांगायचं की सुईला भिऊ नका, काही होत नाही. मीच सांगते हे, रोज.

थकले गं मी. ताप येतो आणि जातो, हाड मोडलं तर जुळतं, या दुखण्याला मात्र जाणंच माहीत नाही. सकाळी उठलं की तेच, भात किती, पाय सुन्न झाले का, गोळी घेतली का. माझं स्वतःचं तेच आणि दिवसभर दुसऱ्यांनाही तेच विचारायचं. मागे मुरुडचे एक म्हातारे मला म्हणाले, "बाई, तुम्ही लई चांगलं सांगता, पण रोजच्याला किती दिवस भ्यावं माणसानं?" मी त्यांचा बीपी बघितला आणि उठले.

तुझी सुई मला आठवते. घरात फ्रिज नव्हता, म्हणून ती काचेची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून गाडग्यात, माठाच्या पाठीमागे ठेवलेली असायची. गोलाई चौकाजवळचे डॉक्टर म्हणाले होते, सकाळी उठल्यावर घ्यायची. तू तेवढंच ऐकलंस, आणि त्यांनीही बहुतेक तेवढंच सांगितलं. अंघोळ झाली की अप्पा तुझ्या दंडाला सुई टोचायचे आणि तू पूजेला बसायचीस. लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हे तुझं माहेरापासूनचं. मला अजून दिसतं, तू पाटावर बसली आहेस, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग आहे, कपाळावर विभूती, आणि हळूहळू त्या विभूतीवर घाम फुटतो आहे. बोटं थरथरताहेत. मी दारातून हाक मारते, मला शाळेचा डबा हवा आहे. तू ऐकत नाहीस. तुझे डोळे उघडे आहेत पण तू माझ्याकडे बघत नाहीस. अप्पा मला मागे ओढतात आणि म्हणतात, "गप. मन लागलंय तिचं लिंगात." शेजारची काकू तर येऊन बघून जायची, नमस्कार करायची. आपल्या अव्वाची पूजा सगळ्या गल्लीत नावाजलेली, मला त्याचा केवढा अभिमान होता.

मग एका श्रावण सोमवारी तू बसल्या जागी कलंडलीस. अप्पांनी तुझं डोकं मांडीवर घेतलं, काकूनं प्रसादाची खडीसाखर पाण्यात चुरून तुझ्या ओठांत घातली. जरा वेळानं तू डोळे उघडलेस आणि उठून बसलीस. सगळ्यांनी हात जोडले. प्रसादानं उठली म्हणाले. तू त्याच दिवशी सांगून टाकलंस, "देवाला ही सुई चालत न्हाई. दिसलं न्हाई का तुम्हाला?" आम्हाला दिसलं होतं. सुई बंद झाली, आणि पुढे घाम नाही, थरथर नाही, तू म्हणालीस ते खरंच ठरलं. गाडगं धुऊन तू त्यात लोणचं घातलंस.

नंतरची वर्षं तुला ठाऊकच आहेत. पायांवर सूज, मग डोळे, मग किडन्या. नांदेडच्या दवाखान्यात तू सलाईन उजव्या हाताला लावायला लावलीस, डावा तळहात पूजेला मोकळा हवा म्हणून. नर्स कुरकुरली, तू ऐकलं नाहीस. एका सकाळी मी थर्मासमधला चहा पुढे केला तर म्हणालीस, "पूजेआधी? हेच शिकवलं का मी तुला?" आवाजात जोर राहिला नव्हता पण धाक होता. मी चहा खिडकीत ठेवला आणि तो तिथंच गार झाला.

मागच्या वर्षी औशाकडच्या एका गावात मी अशाच एका घरी बसले होते. बाई तुझ्याच वळणाची, कपाळभर विभूती. सुई घेतल्यावर किती वेळानं खाता, असा आमचा एक प्रश्न असतो. ती म्हणाली, "पूजा झाल्याबिगर कसं खाईन? तास होतोच की. कधी कधी पूजेत घाम फुटतो, हात कापत्यात. मग समजायचं, आला देव." अव्वा, माझं लिहिणं तिथंच थांबलं. घाम येणं, हात कापणं, भान हरपणं, सुई घेऊन उपाशी राहिल्यावर शुगर खाली गेल्याची ही लक्षणं मी कित्येक वर्षं लोकांना सांगत आले आहे, बोटं मोजून, शाळेत पाढे म्हणतात तशी. आणि एकदाही मला तुझं तोंड आठवलं नव्हतं. ती लक्षणं पेशंटची होती, आणि तुझी पूजा होती. मी त्या बाईकडे पाणी मागितलं आणि नीट बसून घेतलं. मग सांगितलं, मावशी, आधी पूजा करा, पूजेनंतर सुई घ्या, आणि अर्ध्या तासात भाकरी खा. देवाचं काही मोडत नाही यात. ती म्हणाली, "एवढंच होय?"

एवढंच होतं. लातुरात आमच्या संशोधनाच्या डॉक्टर मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, आणखी दोन-तीन घरांतून असंच कानावर आलंय, उपासाच्या दिवसांत तर जास्तच. त्यांनी पुढच्या भेटीपासून पूजेचा प्रश्न घातला. चांगलं झालं. पण मला त्या दिवशी घरी येऊन भांडी आपटावीशी वाटली. मला डॉक्टरांचा राग आला, अप्पांचा आला, आणि खोटं कशाला बोलू, तुझा सगळ्यात जास्त आला. कुणाला विचारायचं तरी होतंस.

त्या मावशींकडे पुन्हा गेले तेव्हा त्यांची शुगर बरीच सुधारली होती. मी खूश होऊन विचारलं, आता घाम येत नाही ना? त्या म्हणाल्या, "न्हाई, आता काहीच होत न्हाई. पण पोरी, पूजेत पहिल्यावानी लागत बी न्हाई. नुसती बसून उठते." त्या रागावल्या नव्हत्या. मला चहा दिला, बिनसाखरेचा, मी सांगितल्याप्रमाणे.

तर हे पेन मी का घेत नव्हते ते तुला सांगायचं होतं. सुई दुखेल याची भीती नाही, माझ्या हातांनी हजारोंना टोचलं आहे. पण मी पूजा करून सुई घेतली, वेळेवर खाल्लं आणि मला काहीच झालं नाही, तर तू उगीच गेलीस हे पक्कं होणार. आणि प्रसादानं उठलीस तेही गेलं, लिंगात मन लागलं होतं तेही गेलं. उरते ती फक्त उतरलेली शुगर. घेतली नाही तर मी तुझ्याच वाटेनं जाणार आणि माझी पोर अशीच कधीतरी चिडून बसणार, हेही कळतं मला. आमच्या संशोधनात औषध सुटण्याची कारणं लिहून घेतात, भीती, विसर, पैसा, घरचे नको म्हणतात. यातल्या कशात हे बसवू?

आज सकाळी घेतली. अंघोळ, पूजा, मग पोटाला सुई. फोनवर गजर लावला आणि मुरमुऱ्यांचा सुशीला परतून पुढ्यात घेऊन बसले. वेळेत खाल्लं. आता निलंग्याची गाडी पकडायची आहे, तिथल्या लोकांना सांगायचं आहे की काही होत नाही, आणि आज पहिल्यांदा ते खरं सांगणार आहे. हा कागद कुठे पाठवणार, पर्समध्ये राहील. फक्त एक, अव्वा, बाकी कुणाला सांगता येणार नाही म्हणून तुला. सुई घेतल्यापासून खाईपर्यंत मी दोन्ही हात समोर धरून बसले होते, आणि मनातून मला वाटत होतं, कापू देत. थोडे तरी कापू देत. ते कापले नाहीत.