थेंबाचा शॉट आणि तळमजला

मी, खाली सही करणारा, वय एकोणसत्तर, धंद्याने कॅमेरामन, हल्ली बिनकामाचा, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. प्रकृती बरी म्हणायची. कंटाळा मात्र हाडांत मुरला आहे.

माझा धंदा काय, हे लोकांना समजावण्यात जन्म गेला. मालिका सुरू होताना जी नावे येतात, त्यांच्या मागची चित्रे मी टिपत असे. छताच्या तुळईला काच टांगायची, काचेवर ग्लिसरीनचा थेंब, थेंबात मागच्या फोटोतले घर उलटे. कॅमेरा टेबलावरच्या रुळावरून गोगलगाईच्या चालीने सरकवायचा आणि एका बाजूला दुसऱ्यांच्या नावांसाठी जागा मोकळी सोडायची. आता हे सगळे संगणकावर होते. होवो.

१. कॅमेरा, जवळून टिपायची लेन्स, मी स्वतः बनवलेला रूळ आणि बँकेतली शिल्लक भाचीला. सामान ती विकणार, ठाऊक आहे. विकू दे. तोवर लेन्स शर्टाच्या टोकाने पुसू नये.

२. तळमजला. वाटणीत तो मला आला, तेव्हापासून वर राहणाऱ्या थोरल्या भावाने, दादाने, बोलणे टाकले. माझा शॉट लागला की हा मुद्दाम पाय आपटत येरझारा घालायचा. तुळई हादरायची, थेंब ओघळायचा. एकदा असाच ओघळलेला थेंब निर्मात्याला आवडला आणि वर्षानुवर्षे घरोघरी दिसला. माझे नाव झाले ते त्याच शॉटने. दादाला हे सांगितले नाही. आधीच डोक्यावर राहतो, आणखी चढला असता.

गेल्या वर्षी त्याचे पाय गेले. जिना उतरता येत नाही, रस्ता दिसतो तो खिडकीतून. वरची शांतता मला खायला उठते. म्हणून तळमजला माझ्या मृत्यूनंतर दादाला द्यावा. त्याला दाराबाहेर खुर्ची टाकून बसता यावे.

हे कलम वहिनींना वाचून दाखवले. त्या कपडे वाळत घालत होत्या.

"भावजी, म्हणजे तुम्ही जाईपर्यंत ह्यांनी वरच बसायचं? आणि हे आधी गेले तर?"

"वहिनी, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं."

"मग काय उपयोग त्याचा? तुम्हाला जिना चढता येतो ना?"

माझ्या गुडघ्यांची रडकथा मी ऐकवली. त्यांनी चादर झटकली.

सबब 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडले आहेत. बक्षीसपत्राचे वकील बघतील. राहण्याची अदलाबदल आजपासून. सकाळी आमच्या डॉक्टरांनी आणि समोरच्या शिंप्याने दादाला खुर्चीसकट खाली आणले. माझ्या टेबलाकडे बघत तो म्हणाला, "एवढ्याशा टेबलावर पोट भरलंस होय रे?" इतक्या वर्षांनी पहिले वाक्य. मला रडू आले आणि मी ते लपवले नाही.

साक्षीदार :
आमचे डॉक्टर (सही)
समोरचा शिंपी (सही, दादाला उचलून हात भरून आल्याने वेडीवाकडी)

लिहून देणार : धाकटा भाऊ (सही)
दिनांक : नऊ, बुधवार
ठिकाण : राहते घर, वरचा मजला