आईच्या फोनवरून आलेलं उत्तर

फ्रँकफर्ट,
२ एप्रिल २०१६

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. पत्राला बारा दिवस लागतात, लागू देत. वाट पाहणं काय असतं ते तुलाही कळेल.

आम्ही अनेगाडाला होतो. कॅरिबियनमधलं एवढंसं प्रवाळाचं बेट, पोळपाटासारखं सपाट. ना डोंगर, ना धड सावली. ११ मार्चला शंखांच्या ढिगाऱ्यापाशी उभ्या असलेल्या अन्वीचा आणि माझा फोटो मी आईला पाठवला. तासाभरात तिच्या फोनवरून उत्तर आलं, ऊन फार दिसतंय, टोपी घाल. मी किती खूश झाले! हृषिकेश चिडवत राहिला, तरी पुढचे आठ दिवस मी टोपी काढली नाही.

आई नऊ तारखेलाच गेली होती. ते उत्तर तू टाइप केलंस. आणि तेरावं उरकून, आम्ही घरी पोचल्यावर मग फोन! नीतामावशीनं मला ऐकवलं, "तुला सुट्टी सोडवली नाही वाटतं."

आणि हो, आईचं शेवटचं पत्र, जे तूच पोस्टात टाकलंस, ते खाली ब्रीफकास्टनमध्ये, आमच्या टपालपेटीत, येऊन पडलं होतं. त्यात तुझ्याविषयी लिहिलंय. काय, ते सांगणार नाही.

वहिनींना नमस्कार.
मुक्ता

पुणे,
१६ एप्रिल २०१६

चि. सौ. मुक्तास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. सरिताला दाखवलं नाही, लाज वाटली.

प्रवासातल्या माणसाला अशुभ बातमी देऊ नये, असं आपल्याकडे पाळतात. अण्णांच्या वेळी कुमारकाकालाही घरी पोचल्यावरच कळवलं होतं. तू पोरीला घेऊन तीन-तीन विमानं बदलत, रडत येणार आणि शेवटचं दर्शन काही मिळणार नाही, म्हणून गप्प बसलो. त्यात तुझा फोटो आला. उत्तर गेलं नाही तर तू लगेच फोन करशील, या धास्तीनं आई लिहील तसं लिहिलं. चुकलं माझं.

तिचं शिवणयंत्र मी न विचारता भंगारात दिलं, तेव्हापासून चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. पाणीसुद्धा सरिताकडे मागायची. ते पाकीटही तिनं स्वतः चिकटवून सरिताच्या हाती माझ्याकडे पाठवलं. शेवटच्या दिवशी मी पायाशी बसून होतो, तिनं डोळे उघडले नाहीत. मुक्ता, आई रागातच गेली का, एवढं कळव. वाईट असलं तरी कळव.

अन्वीला पापा. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
गुरुदत्त

फ्रँकफर्ट,
२ मे २०१६

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. पहिले तीन दिवस मला फार बरं वाटलं. ऑफिसला जाताना एस-बान लोकलमध्ये पुन्हा पुन्हा वाचायचे. दादा तळमळतोय, तळमळू दे, असं खरंच मनात यायचं.

काल तर मी तुला पाठवायला एक ओळही रचली, गुरूच्या हातचा पिंड मला नको, अशी. हुबेहूब आईची वाटत होती. पत्रात लिहिलीसुद्धा. मग तो कागद फाडला. आई गेल्यावर तिच्या नावानं लिहिणारा घरात एक झाला, तेवढा पुरे.

तिनं खरं लिहिलंय ते असं: "यंत्राचा राग केव्हाच गेला गं. पण आता आधी बोलायचं कोणी, यावर अडलंय. गुरू एकदा नुसता जवळ येऊन बसला, तरी मी बोलेन."

तू बसलास, पण शेवटच्या दिवशी. ही ओळ दडपून ठेवली असती तर तू नुसता घोर करत राहिला असतास. आता सगळं कळून बस. आईनं तुला माफ केलं होतं, दादा. मी केलेलं नाही.

वर्षश्राद्धाला येईन. नीतामावशीकडे उतरेन.

वहिनींना नमस्कार सांग.
तुझी धाकटी बहीण,
मुक्ता