सात पायऱ्यांची विहीर

३ ऑक्टोबर
अल्लाहच्या कृपेने संगदरा या डोंगरातल्या गावी सुखरूप पोहोचलो. चाळीस वर्षे बालकथांच्या अभ्यासात गेली. येथील एक कथा मिळाली की माझा ग्रंथ पूर्ण होईल. मला 'बोबोजान', म्हणजे आजोबा, म्हणणारी सात वर्षांची नात निगोरा सोबत आहे. तिचे आईवडील रशियात कामाला असल्याने ती माझ्याच भरवशावर. वृद्ध कथेकरीण सनावबरबीबींनी खारा दुधाळ चहा नि वाळलेली तुती पुढे ठेवली आणि वर चिडवले, "उस्ताद, एवढी पुस्तकं खाऊनही अंगाला काही लागलेलं दिसत नाही!" निगोरा हसून लोळली.

५ ऑक्टोबर
कथा मिळाली. विहिरीतली म्हातारी आपले केस विंचरायला एका मुलीला बोलावते. मुलगी सात पायऱ्या उतरते आणि अखेर युक्तीने सुटते. बीबी समाप्तीचे शब्द म्हणू लागताच मी त्यांना हाताने थांबवले आणि सवयीप्रमाणे 'इत्यादी' लिहून वही मिटली. असली पालुपदे मी कधीच उतरवून घेत नाही. बीबी खवळल्या. प्रत्येक कथेचे शेवटचे शब्द निराळे असतात, ऐकणाऱ्याने ते तीनदा म्हणायचे, नाहीतर पोर कथेच्या आतच राहते, असे त्यांचे म्हणणे. "दार उघडं टाकून निघालात होय?" मी हसून 'उद्या' म्हटले. 'इन्शाअल्लाह' म्हणायचे राहून गेले. निगोरा मांडीवर बसून सारे ऐकत होती.

६ ऑक्टोबर
पहाटेच्या नमाजात बीबी सजद्यात कपाळ टेकवून वाकल्या त्या उठल्याच नाहीत. दुपारी दफन झाले. ते शब्द गावात दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाहीत.

७ ऑक्टोबर
निगोराचे केस ओले आहेत. बाहेर पाऊस नाही, ती नदीवरही गेली नव्हती. म्हणाली, "बोबोजान, तीन पायऱ्या झाल्या."

८ ऑक्टोबर
पाच. तिच्या हातात कुणाचेतरी पांढरे केस. तिच्या डोक्यावर हात ठेवून रक्षणाची आयत, आयतुल कुर्सी, म्हणतो, तेवढ्यापुरती तिची थरथर थांबते. दरड कोसळून खालचा रस्ता बंद आहे. बायका एवढेच म्हणतात, ज्याने कथा ऐकली त्यानेच ती मिटवावी.

९ ऑक्टोबर
जुन्या वह्या काढल्या. तीनशे कथा. प्रत्येकीच्या शेवटी तेच 'इत्यादी'— माझेच अक्षर—
सारे कुराण मुखोद्गत असलेल्या मला चार शब्द ठाऊक नाहीत. सहा पायऱ्या.

१० ऑक्टोबर
सात. निगोराचे ओठ मिटलेले. आवाज मात्र खालून— बोबोजान, इथे अंधार—
या अल्लाह, सुचतील ते शब्द लिहितो. मुलगी वर आली, विहीर मिटली, म्हातारी झोपली, आणि माझी निगोरा—
हात ऐकत नाही— आणि माझी निगोरा इत्या