‘ऐकून घ्या’ची पाटी

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघे धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं वाकतात, उरलेली तीनही वाकली असं तू समज.) तू कशी आहेस, भाऊजी जिना चढतात का, आणि चढताना मधल्या पायरीवर दोन मिनिटं बसतात की नाही, हे विचारायचं होतं. बसायला हवं. पण ते राहू दे. माझ्या आधीच्या तीन पत्रांना तुझं उत्तर आलं नाही, तरी चौथं लिहिते आहे, याचा अर्थ माझं काही अडलंय असा काढू नकोस. मागच्या वर्षी भाऊजींच्या ऑपरेशनला मी मदतीला आले, चार दिवस राहिले, औषधांचं कपाट नव्याने लावलं, स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे मांडले आणि डॉक्टरांना कोणता प्रश्न कधी विचारायचा ते तुला क्रमवार लिहून दिलं. चौथ्या संध्याकाळी तू ओट्याशी उभी राहून म्हणालीस, “एकदा तरी माझं ऐकून घेशील का?” मी म्हणाले, “घेईन की, पण आधी माझं ऐक.” तेव्हापासून तू गप्प आहेस. बस स्टँडवरसुद्धा तू नुसती माझी पिशवी वर दिलीस. असो. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे, त्यात हेतू शोधू नकोस.

तर खुशाली अशी, की आमच्या चर्चला नवे फादर आले आहेत. वयाने लहान, अंगाने किरकोळ आणि डोक्यात कल्पनांचा नुसता बाजार. पहिल्याच रविवारी त्यांनी प्रवचनात सांगितलं, की या चर्चच्या चारी बाजूंना बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, माणसं एकाच लिफ्टने वर-खाली करतात, इथे एकाच बाकावर बसतात, मिस्साच्या प्रार्थनेत हात जोडून एकमेकांना शांती देतात आणि बाहेर पडल्यावर ओळखसुद्धा दाखवत नाहीत. (हे खरं आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई मला अकरा वर्षं शांती देतायत, पण त्यांचं आडनाव मला गेल्या महिन्यात कळलं, तेही त्यांच्या छत्रीवर होतं म्हणून.) लोकांना उपदेश नको असतो, कुणीतरी आपलं ऐकणारं हवं असतं, असं फादरांचं म्हणणं. म्हणून बाप्तिस्म्याच्या कुंडामागची अडगळीची खोली रिकामी करायची, तिथे दोन खुर्च्या ठेवायच्या, मंगळवारी आणि गुरुवारी चार ते सहा कुणीही यावं, आपल्या धर्माचा असो नसो, आणि मन मोकळं करून जावं. ऐकायला कोण बसेल, असं त्यांनी विचारलं. मी हात वर केला. गाणाऱ्यांच्या बाकांवरून खोकल्याची एक साथ येऊन गेली, तिकडे मी लक्ष दिलं नाही. छत्तीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या बाईला समोरच्याच्या तोंडून काय निघणार हे आधीच कळतं, मग तिच्याइतकं ऐकण्याचं काम कोण चांगलं करणार?

फादरांनी माझी तासभर शिकवणी घेतली. नियम तीनच. मध्ये बोलायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. आणि समोरच्याचं वाक्य आपण... इथे ते जरा थांबले, म्हणून “पूर्ण करायचं नाही” हे मी सांगून टाकलं. त्यांनी डोळे मिटून छोटीशी प्रार्थना केली. भाविक माणूस आहे.

आता पाटीचं ऐक. फादरांनी मजकूर दिला होता, ‘येथे तुमचे ऐकून घेतले जाईल’. ताई, हा नवीन कर्मणी प्रयोग जिथे जिथे लावलेला असतो, तिथे तिथे कुणी कुणाचं ऐकून घेत नाही, हा माझा जन्माचा अनुभव आहे. शिवाय त्यात आपलेपणा कुठे आहे? मी तो काढला आणि घरगुती बोलीत केलं, ‘या, बसा, ऐकून घेऊ’. चिठ्ठी लिहून पेंटरकडे पाठवली. मंगळवारी सकाळी पाटी लागली, पांढऱ्यावर निळी, वळणदार. मी खालून बघितली, छान दिसली. आपलं लिहिलेलं आपण पुन्हा वाचून पाहावं, हे मी मुलांना छत्तीस वर्षं बजावत आले, पण मुलांना.

पहिल्याच दिवशी पावणेपाचला एक बाई नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आल्या. नवरा म्हणजे कोपऱ्यावरचा शिंपी. त्याला खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाल्या, “यांना जरा बोला.” मला वाटलं, बिचारा मनातलं सांगायला लाजतोय, त्याला बोलतं करा असं म्हणतायत. मी त्याला धीर द्यायला तोंड उघडलं. आता हाच शिंपी माझं पोलकं तीन आठवडे दाबून बसला होता, हा काही माझा दोष नाही. वीस मिनिटांनी मी थांबले तेव्हा तो घामाघूम झाला होता आणि बाई तृप्त चेहऱ्याने पदर सावरत होत्या. पोलकं दुसऱ्या दिवशी घरी आलं, आणि आमचेच नाही, सगळ्या रस्त्याचे कपडे वेळेवर मिळायला लागले.

मग काय, तोंडोतोंडी बातमी पसरली. एका दातांच्या डॉक्टरणीने कानाचं यंत्र न लावणाऱ्या आपल्या वडिलांना आणलं. (त्यांना ओरडूनच सांगावं लागलं, त्यामुळे रस्त्यापलीकडच्या दोन म्हाताऱ्यांनीही आपापली यंत्रं लावली.) दोन जावा आल्या, दोघी एकमेकींना घेऊन. एका बँकेतल्या साहेबांना त्यांच्या तीन मुलींनी मिळून आणलं. जी जन्मात चर्चची पायरी चढली नव्हती अशी माणसं कुंडामागे रांग लावून उभी राहायची. आमचे घंटाकाका (चर्चची घंटा, किल्ल्या आणि सगळ्यांची गुपितं यांच्याकडे असतात, पण तोंडात तीळ भिजत नाही) बाहेर बाकं टाकून नंबर द्यायला लागले. सोनारानेच कान टोचावे म्हणतात, तसं कानउघाडणी करावी तर या बाईंनीच, असं माझं नाव झालं. फादर तर हरखून गेले. महिन्याला त्रेसष्ट माणसं! त्यांनी बिशपांना कळवलं, की शहर आपलं म्हणणं कुणीतरी ऐकावं म्हणून किती तहानलेलं आहे पाहा. मीही तेच समजत होते. घरी जाताना घसा दुखायचा, तेव्हा वाटायचं, ऐकण्याचे किती कष्ट असतात!

सहाव्या आठवड्यात फादर कौतुकाने बघायला आले. दाराशी पोचण्याआधीच त्यांना माझा आवाज ऐकू आला असणार, कारण तो घंटेच्या मनोऱ्यापर्यंत जातो असं घंटाकाका सांगतात. त्यांनी दारातून आत पाहिलं. एका रिक्षावाल्याला मी सुट्टे पैसे आणि सभ्यता यांच्यातला संबंध समजावून देत होते. मग त्यांनी वर पाटीकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. मीही बाहेर येऊन पाहिलं. ‘या, बसा, ऐकून घ्या.’

मी लगेच पेंटरला बोलावलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. त्याने सगळं ऐकून घेतलं, खिशातून माझी चिठ्ठी काढली आणि फादरांच्या हातात दिली. अक्षर माझं. मोत्यासारखं. ‘घ्या.’ ताई, मी ‘घेऊ’ लिहायला बसले होते, शपथ घेऊन सांगते. माझ्या हातून ‘घ्या’ उतरलं आणि मला कळलंसुद्धा नाही. व्याकरणाच्या दृष्टीने चूक नव्हतीच, म्हणून तर ती सापडली नाही. मला तिथेच धरणीने पोटात घ्यावं असं झालं, हे मी इतर कुणाजवळ कबूल करणार नाही.

फादर रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं, की पाटी सुधारून येत्या गुरुवारी बसा. एका माणसाचं, एकाचंच, शेवटपर्यंत ऐकून घेतलंत तर खोली तुमची. नाहीतर गाणाऱ्यांचा जुना ऑर्गन तिथे ठेवायला जागा हवीच आहे. साक्षीदार म्हणून घंटाकाका दाराबाहेर घड्याळ घेऊन बसणार होते. मी म्हटलं, सहज जमेल.

गुरुवारी ‘घ्या’वर रंग मारून ‘घेऊ’ केलेलं होतं. नेहमीची माणसं आली, पाटी वाचली आणि परत गेली. एक बाई तर स्पष्ट म्हणाल्या, “आमचं ऐकून काय करणार, ऐकवायचं बंद केलंत का?” साडेपाच झाले. मग एक साठी उलटलेला माणूस आला. हातात डबा, पायात चिखलाचे बूट. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो म्हणाला, आजूबाजूच्या बारा-बारा मजल्यांच्या सगळ्या लिफ्टा त्याच्या हाताखालून गेलेल्या. त्याने विचारलं, पाटी बदलली का? मी बोलणी खायला आलो होतो.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. एकतीस वर्षं ती दारातच सुरू व्हायची, बूट बाहेर काढा, हात धुवा, ताटावर पेपर नको, किती वेळा सांगायचं. आता तो बूट घालून पलंगावर बसतो आणि कुणी काही म्हणत नाही. म्हणाला, “बाई, घरात मला बोलायला कुणी उरलंच नाही. तुमचं नाव ऐकलं, म्हटलं दहा मिनिटं ऐकून यावं.” ताई, त्याचे बूट माझ्या समोर होते. फरशी मीच सकाळी पुसून घेतली होती. जिभेवर किमान चाळीस वाक्यं तयार होती, विरामचिन्हांसकट. मी तोंड उघडलं आणि त्यातून काही निघालं नाही. मग तो बोलत राहिला. हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत ती एकदा म्हणाली होती, जरा बसा, तुम्हाला काहीतरी सांगायचंय. तो म्हणाला, तू आराम कर, मी आधी डॉक्टरांना विचारून येतो. डॉक्टरांना विचारून आला तेव्हा ती झोपली होती, आणि मग ते राहूनच गेलं. तेव्हापासून तो रोज लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तार तपासताना विचार करतो, की तिला काय सांगायचं असेल. बूट बाहेर काढा हेच असेल, असं तो म्हणाला, आणि थोडा हसला. मला त्याचं वाक्य पूर्ण करता आलं नाही. मला रडू येत होतं.

पन्नास मिनिटं झाली, असं घंटाकाकांचं घड्याळ सांगतं. तो गेल्यावर मी तशीच बसून होते. फादर आत आले, मला गप्प पाहून घाबरले आणि घंटाकाकांना म्हणाले, डॉक्टरांना बोलवा. खोली राहिली. चर्चच्या समितीने ठराव केला, की लोकांची मागणी पाहता मंगळवारी ‘ऐकून घेऊ’ आणि गुरुवारी ‘ऐकून घ्या’, पेंटरने पाटीला बिजागरीची फळी लावून दिली आहे. लिफ्टवाले मंगळवारी येतात. ऑर्गन गाणाऱ्यांपैकी एका बाईंच्या घरी गेला, त्यांचं आणि माझं आता बोलणं नाही, पण ते आधीही फारसं नव्हतं.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुझ्या पाया पडते, वर सांगितलेल्या पाच अंगांनी.

तुझी,
धाकटी

ता. क. – या पत्रात हेतू नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. त्या संध्याकाळी ओट्याशी उभी राहून तुला काय सांगायचं होतं? मी वर्षभर विचार करते आहे. भाऊजींविषयी असेल, तुझ्या भीतीविषयी असेल, की माझ्याविषयीच, मला माहीत नाही. मी डबे लावत होते. चुकले, ताई.

ता. क. दुसरा – सोबत माझ्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं पाकीट आणि आठ कोरे कागद आहेत. समोर बसलीस तर मी मध्ये बोलेन, माझा भरवसा नाही. कागदाला मध्ये बोलता येत नाही. सगळं लिही, काही हातचं राखू नकोस. आठ पुरले नाहीत तर कळव, आणखी पाठवते.

ता. क. तिसरा – नोकरी लागल्यावर तू मला लिहिलेली पत्रं मी लाल शाईने तपासून तुला परत पाठवायचे. तू मोठी असून काही बोलली नाहीस. या वेळी हवं तसं लिही, ऱ्हस्व-दीर्घ चुकू दे. डावीकडे समास सोडलास तरी मी त्यात काही लिहिणार नाही.