दिसलाच नाहीत तुम्ही

ती. ताईस,

धाकट्याचा, कमरेने परवानगी दिली तितका वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? भाऊजींचा खोकला गेला, की तुम्हाला त्याची सवय झाली? इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो, क्षेम आहे. बाबाही बरे आहेत. त्यांचं शेवटी सविस्तर लिहितो.

मी मात्र फार दमतो गं हल्ली. कामाने नाही. कवळ्या करण्यात दमण्यासारखं काय आहे? दात बसवायचे, घासायचे, हिरडीला माणसाच्या हिरडीसारखा रंग द्यायचा. गिऱ्हाईकही तोंड उघडून भांडायला येत नाही (कवळी मिळेपर्यंत तरी). दमतो तो त्या दवाखान्यांत पोचवायला जाताना. एरवी मी चांगला धिप्पाड माणूस आहे, फोटोत मला मागच्या रांगेत उभं करतात. पण मोटरसायकलवर बसलो की मी कोणाला दिसतच नाही.

मागच्या महिन्यातलंच सांगतो. मी सरळ रस्त्याने, माझ्या बाजूने, तुझ्या लग्नात मिरवत होतो त्याच वेगाने चाललो होतो. समोरून एक गाडी आली आणि वळायला थांबली. आतल्या गृहस्थांनी माझ्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. इतका वेळ पाहिलं, की मला वाटलं जुनी ओळख असावी, आता हात करतील. त्यांनी हात केला नाही, गाडी वळवली. मी ब्रेक दाबला, चाक घसरलं आणि मी दुभाजकावरच्या झुडपांत जाऊन बसलो. गृहस्थ धावत आले आणि म्हणाले, "अहो, दिसलाच नाहीत तुम्ही!" तेही अशा सुरात, की मीच दिसायचं विसरून घरातून निघालो होतो.

तोवर माझ्या डब्यातल्या कवळ्या रस्ताभर पसरल्या होत्या. एक बाई त्या बघून किंचाळल्या. एका भल्या माणसाने वरची पंगत उचलली, रुमालाने पुसली आणि मला धीर दिला, "घाबरू नका, तुमचे दात सापडलेत." मी तोंड उघडून माझे दात दाखवले. मग मागून कोणीतरी विचारलं, "मग हे कोणाचे?" झालं! अर्धी गर्दी गाडीखाली वाकून दुसरा माणूस शोधायला लागली. हवालदार आले, त्यांनीही कोणाला काही न विचारता आधी गाडीखाली वाकून पाहिलं. मी झुडपातून सांगत होतो की मी एकटाच आहे, पण तेव्हाही मी कोणाला दिसत नव्हतो.

हवालदार माझ्यासारखेच दमलेले होते. पंचनामा करता करता म्हणाले, "गाडीवाल्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. तो बघतो तुमच्याकडे, पण शोधत असतो दुसरी गाडी. तुम्ही त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. चाक खोटं बोलत नाही. आणि कोणाच्या मागेपुढे रेंगाळू नका. त्याच्या आरशात त्याचं तोंड तुम्हाला दिसत नसेल, तर त्याच्या लेखी तुम्ही जन्मालाच आला नाहीत." तेव्हापासून मी लोकांच्या आरशांत बघत फिरतो. कोणी जांभया देतं, कोणी भुवया कोरतं, एक जण स्टिअरिंगवर ताट ठेवून जेवत होता. नको ते बघायला मिळतं, पण जिवंत राहायचं म्हणजे बघावं लागतं.

बायकोने मात्र माझा जीव स्वतःच्या हातात घेतला. तिने एक जाकीट आणलं, ते इतकं पिवळं आहे की घरात घातलं तर दिवा लावावा लागत नाही. त्यावर पुढून मागून चमकणारे पट्टे. पांढऱ्या हेल्मेटलाही तिने पट्टे चिकटवले. पाठीमागून मी 'पुढे काम चालू आहे' या पाटीसारखा दिसतो. शिवाय भर दुपारी हेडलाइट लावायचा. आता लाइट बघून समोरचे सगळे बोटांची उघडझाप करून मला खुणावतात. एक सायकलवाले आजोबा तर धापा टाकत पुढच्या चौकापर्यंत मागे आले, "अहो, लाइट चालू राहिलाय!" मुद्दाम लावलाय म्हणालो, तर त्यांचं तोंड एवढंसं झालं. तेव्हापासून मी बंद करतो, आभार मानतो आणि माणूस गेला की पुन्हा लावतो.

जाकिटामुळे पायी चालणाऱ्या लोकांना मात्र मी फार दिसायला लागलो. एका बाईंनी गटार तुंबल्याबद्दल मला उभं राहून झापलं. एका साहेबांनी गाडीची चावी माझ्या हातात ठेवली आणि 'सावलीत लावा' म्हणून निघून गेले. दवाखान्यातल्या नव्या मुलीने तर कवळ्यांचा डबा न बघताच मला गच्चीवर पाठवलं, टाकी वाहतेय म्हणून. मी गेलो (वाद घालायला त्राण नव्हतं). टाकीतला बॉल अडकला होता, सोडवला. खाली आलो तर ती म्हणाली, "दरवेळी इतका उशीर करता तुम्ही लोक."

आणि गाडीवाले? ते आहेत तिथेच आहेत. परवाच एकाने माझ्या नाकासमोर गाडीचं दार उघडलं. म्हणून आता मी असं धरूनच निघतो की आपण कोणालाही दिसत नाही. उभ्या गाड्यांपासून लांब राहतो, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी वेग कमी करतो. असं मानलं की कोणाचा राग येत नाही. नुसता थकवा येतो.

बाकी विशेष काही नाही. काळजी नसावी. भाऊजींना नमस्कार, पोरांना माझ्याकडून एकेक टपली.

तुझा,
(आतापर्यंत तरी) धडधाकट असलेला धाकटा

ता. क. बाबांचं लिहायचं राहिलं. राहिलं नाही गं, मीच टाळत होतो. गेल्या मंगळवारी बँकेच्या फाटकातून त्यांची निळी गाडी बाहेर येत होती. मी जाकिटात, लाइट लावलेला, वेगही कमी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चाक थांबलं. मी पुढे झालो आणि चाक फिरलं. मी पदपथावर चढून आडवा झालो. मनगट मुरगळलंय, अक्षर त्यामुळे असं आहे. बाबांनी काच खाली केली. माझ्या डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल. म्हणाले, "अहो, दिसलाच नाहीत तुम्ही मला." गाडी बंद करायला गेले आणि वायपर चालू केला. मग नेहमीचा आवाज सापडला. "जरा जपून चालवत जा. माझा मुलगा इतकी वर्षं मोटरसायकल चालवतोय, एकदा बघा त्याला. इतका सांभाळून चालवतो, की मला त्याची कधी काळजी वाटत नाही. फार लागलं नाही ना?"

मी हेल्मेट काढलं नाही. नुसती मान हलवली.

जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली त्यांनी. त्यांच्या नजरेतून एक वेलांटी कधी सुटली नाही. त्याच नजरेतून आख्खा मुलगा सुटला, जाकिटासकट. डोळे तपासू या म्हटलं की पेपर नाकाला लावून त्यातल्या चुका दाखवतात.

ताई, तू चार दिवस ये. त्यांना डॉक्टरांकडे ने आणि तोवर गाडीची चावी काढून घे. ते तुझंच ऐकतात. फाटकासमोर मी होतो हे मात्र त्यांना कधी कळू देऊ नकोस. चावी लगेच देतील, पण त्यानंतर त्यांना झोप लागायची नाही. बायकोलाही मी पायरीवरून घसरलो असंच सांगितलंय.

ता. क. २. चावी मागण्याआधी एक काम कर. सहज विषय निघाल्यासारखं विचार, धाकटा मोटरसायकल कशी चालवतो म्हणून. मला तोंडावर ते 'वळताना हात दाखवायची अक्कल नाही' एवढंच म्हणत आलेत. जे म्हणतील ते शब्द न बदलता मला कळव. पण मी घरात नसतानाच विचार. मी दिसलो तर बोलायचे नाहीत.