दहावा शब्द

प्रिय ढब्ब्या,

आता तू साहेब झालास, तरी मी ढब्ब्याच म्हणणार. खालच्या मजल्यावरची नर्सबाई हे लिहून घेतेय. तिला बजावलंय, माझं बोलणं सुधारू नकोस, नाहीतर पत्र माझं आहे यावर त्याचा विश्वास बसायचा नाही. माझे गुडघे कुरकुरतात. कुरकुरू देत, घरात बोलणारं तेवढंच उरलंय.

आपलं सिनेगॉग अजून उभं आहे. तुझे खापरपणजोबा आणि मंडळी बोटीतून उतरली, ती सगळी शिंपी. सामानाच्या खोक्यांच्या फळ्या काढून त्यांनीच बाक ठोकले, म्हणून ते आजही डुगडुगतात. एके काळी उशिरा येणाऱ्याला उभं राहावं लागे. आता वरच्या सज्जात आम्ही दोघी बायका, त्यात दुसरीला ऐकू येत नाही.

तू विसरला असशील म्हणून सांगते. खाली दहा पुरुष असल्याशिवाय गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना म्हणता येत नाही. आणि माणसं आकड्यांनी मोजायची नसतात, म्हणून धर्मग्रंथातलं ते दहा शब्दांचं वचन म्हणायचं, एकेका डोक्यावर एकेक शब्द. मला अक्षरओळख नाही, पण वचन सासूबाईंनी पाठ करून घेतलं. चाळीस वर्षं मीच सज्जातून मोजते. मी मान हलवली की खाली प्रार्थना सांगणारे घड्याळजी सुरुवात करतात.

आजोबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी तू येणार होतास. रजा नाही, असा तुझा फोन आला. मी रागावले नाही. रागवायला समोर माणूस लागतो. त्या सकाळी वचन नवव्या शब्दाशी थांबलं. घड्याळजींनी वर पाहिलं. खांबाआडचा बाक त्यांना दिसत नाही, मला दिसतो. लहानपणी तू तिथेच झोपायचास. त्या रिकाम्या बाकावर मी दहावा शब्द ठेवला आणि मान हलवली. प्रार्थना झाली, सगळे समाधानाने घरी गेले. हिच्या मोजण्यात चूक नाही, असं जन्मभर सांगणाऱ्या माणसाच्याच प्रार्थनेत मी लबाडी केली.

काल घड्याळजी म्हणाले, महिनाअखेरीला ते कायमचे मुलीकडे जाणार. मग आठच उरतील आणि दाराला कुलूप लागेल. मधे दोन शनिवार आहेत. एका शनिवारी ये, म्हणजे आजोबांची प्रार्थना खरी होईल. फक्त त्यांच्यासाठी बोलावतेय असं लिहायला सांगणार होते, पण एका वर्षात दोनदा खोटं बोलायचं माझं वय राहिलं नाही.

तुझीच,
सज्जातली आजी